शिलाई मशीन : ओळख, सराव आणि घरच्या घरी दुरुस्ती



आपल्या वस्तीत बऱ्याच घरांत शिलाई मशीन दिसते. कोणाला ती लग्नात मिळालेली असते, कोणी बचत गटाच्या कर्जातून घेतलेली असते, तर कोणाला एखाद्या शासकीय योजनेतून मिळालेली असते. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांतही शिंपीकामाचा समावेश आहे. मशीन घरात येते ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु त्यांतल्या किती मशीन रोज चालतात, हा खरा प्रश्न आहे. पुष्कळ घरांत मशीनवर चादर टाकलेली असते आणि त्या चादरीवर मुलांची दप्तरे ठेवलेली असतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते : "दोरा तुटतो हो, मेकॅनिकला दाखवायची आहे." ही दाखवायची वेळ कधी कधी वर्षभर येत नाही. तोपर्यंत घरात येऊ शकणारे चार पैसे येत नाहीत.

या लेखाचा हेतू एवढाच आहे की, नव्याने शिकणाऱ्या भगिनीने मशीनला घाबरू नये. घरच्या मशीनच्या बहुतेक तक्रारी दोरा, सुई, बॉबिन आणि साचलेला कचरा या चार गोष्टींतून येतात. त्या पाहायला मोठे शिक्षण लागत नाही. एक छोटा पेचकस, एक जुना ब्रश, तेलाची बाटली आणि थोडा धीर एवढे पुरते.

सुई आपल्याला परकी नाही

सुईचे काम हलके आहे, असे कोणी म्हणू नये. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे साधन यांच्या बरोबरीने सुईचीही गणना होते. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसाजवळसुद्धा सुई असलीच पाहिजे, कारण आपले वस्त्र आपण शिवावे. विनयपिटकाच्या महावग्गात अशी हकिकत आहे की, मगध देशातील भातशेतीचे आखीव बांध पाहून तथागतांनी आनंदाला तशा रचनेचे चीवर करता येईल का, असे विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर सिद्ध केले. वर्षावासानंतरच्या कठिन चीवरदानातही मिळालेले कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून चीवर तयार करण्याचा प्रघात आहे.

यंत्राबद्दल परमपूज्य बाबासाहेबांचे मत स्पष्ट होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली आहे. यंत्रामुळे माणसाला कष्टातून फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाचा सांस्कृतिक विकास होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांनाच देणाऱ्या समाजरचनेचा आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. तेव्हा यंत्र आपल्या घरात आले असेल तर त्याचे ज्ञानही आपल्याच घरात आले पाहिजे. नाहीतर यंत्र आपले आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात, अशी अवस्था होते.

१. टाका कसा पडतो

दुरुस्ती शिकण्यापूर्वी टाका कसा पडतो हे समजले पाहिजे. हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते. मशीनच्या सुईचे नेढे पुढच्या टोकाजवळ असते. टोकाजवळ नेढे असलेली सुई आणि खालून फिरणारा दुसरा दोरा यांचा मेळ घालणाऱ्या यंत्राचे पेटंट एलियास होवे यांनी १८४६ साली अमेरिकेत घेतले. पुढे १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी आपल्या मशीनचे पेटंट घेतले. आजच्या साध्या घरगुती मशीनचे मूळ तत्त्व तेच आहे.

सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली जाते. ती वर येऊ लागली की सुईजवळ दोऱ्याचा एक बारीक फास तयार होतो. त्याच क्षणी खालच्या शटलची चोच तो फास पकडते आणि बॉबिनभोवती फिरवून आणते. मग मशीनच्या तोंडाशी वरखाली होणारा दांडा दोरा वर ओढून घेतो. दोन्ही दोऱ्यांची आढी कापडाच्या दोन पदरांच्या मधोमध बसते. हाच टाका होय.

हे एकदा मनात बसले की बिघाडाचा अर्थ लागू लागतो. चोचीला फास मिळाला नाही तर टाका सुटतो. दोरा कोठे अडला तर तुटतो. वरचा आणि खालचा ताण सारखा नसेल तर आढी मध्यभागी न राहता एका बाजूला ओढली जाते. प्रत्येक गोष्ट कारणातून उत्पन्न होते, ही शिकवण आपण वंदनेला बसतो तेव्हाच नव्हे, मशीनवर बसतो तेव्हाही उपयोगी पडते. कारण दूर केले की बिघाड दूर होतो. मशीनला नजर लागत नाही आणि तिची कोणाच्या हाताशी दुश्मनीही नसते.

२. सुई आणि दोरा

सुईची जाडी क्रमांकाने ओळखतात. मलमल, वॉयल अशा पातळ कापडाला ११ नंबर, पॉपलिन, ब्लाउजचे कापड व साधे सुती कापड यांना १४ नंबर, जाड गणवेश व पँटच्या कापडाला १६ आणि फारच जाड कापडाला १८ नंबर सुई वापरावी. होजिअरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडासाठी गोल टोकाची सुई वेगळी मिळते. साध्या सुईने अशा कापडावर टाके सुटतात. मशीनला काही झालेले नसते.

घरगुती मशीनच्या सुईचा वरचा भाग एका बाजूने चपटा असतो. सुईच्या अंगावर एका बाजूला लांब खाच असते. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने ओवायचा असतो. चपटी बाजू कोणत्या दिशेला यावी हे मशीनच्या बनावटीवर अवलंबून असते, म्हणून जुनी सुई काढण्यापूर्वी तिची चपटी बाजू कोठे आहे हे पाहून ठेवावे. सुई वर अडेपर्यंत पूर्ण सरकवावी आणि मगच स्क्रू घट्ट करावा. सुई उलटी बसली किंवा थोडी खाली राहिली तर चोचीला फास सापडत नाही आणि टाकाच पडत नाही.

सुई सरळ आहे का हे पाहण्याची सोपी रीत आहे. तिची चपटी बाजू काचेवर ठेवून डोळ्यासमोर धरावी. काच आणि सुई यांतली फट टोकापर्यंत सारखी दिसली तर सुई सरळ आहे. कापडात शिरताना टकटक आवाज येऊ लागला, कापडाचे धागे ओढले जाऊ लागले, तर सुई बोथट झाली असे समजावे. सुई मोडेपर्यंत थांबू नये. एका सुईची किंमत ब्लाउजच्या कापडापेक्षा फार कमी असते.

दोरा वरचा आणि खालचा शक्यतो एकाच जाडीचा असावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या रिळाचा दोरा कुजलेला असतो. हातात धरून झटका द्यावा. सहज तुटला तर तो काज-बटणालाही वापरू नये.

३. दोरा ओवणे

नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी या एका पायरीवर सुरू होतात. म्हणून ही पायरी सावकाश पाठ करावी.

प्रथम हातचाक फिरवून दोरा ओढणारा दांडा सर्वांत वर आणावा. नंतर कापड दाबणारा फूट वर उचलावा. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. फूट खाली असताना टेन्शनच्या दोन चकत्या एकमेकींना घट्ट मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये बसत नाही, नुसता वरून जातो. फूट उचलल्यावर चकत्या सैल होतात आणि दोरा आत बसतो.

मग रीळ, वरची तारेची कडी, टेन्शनच्या चकत्या, त्याजवळची लहान स्प्रिंग, दोरा ओढणारा दांडा, सुईजवळची कडी आणि शेवटी सुईचे नेढे या क्रमाने दोरा न्यावा. काही बनावटीत एखादी कडी जास्त असते. दोरा ओवून झाल्यावर एक परीक्षा करावी. फूट वर असताना दोरा ओढला तर सहज यावा आणि फूट खाली केल्यावर ओढला तर चांगला ताण लागावा. तसा ताण लागला नाही तर दोरा चकत्यांत बसलेला नाही. पुन्हा ओवावा.

बॉबिन सैल किंवा एका बाजूला फुगलेली भरू नये. काठापर्यंत ठासूनही भरू नये. भरलेली बॉबिन तिच्या डबीत म्हणजे बॉबिन केसमध्ये ठेवून दोरा फटीतून चपट्या पट्टी-स्प्रिंगखाली घ्यावा. दोरा ओढला की बारीक अडल्यासारखा ताण जाणवला पाहिजे. मग डबी जागेवर खट्ट आवाज येईपर्यंत बसवावी. आवाज आला नाही तर ती नीट बसलेली नाही आणि पहिल्याच टाक्याला सुई तिच्यावर आपटून मोडेल.

शेवटी वरचा दोरा डाव्या हातात धरून हातचाक आपल्याकडे एक फेरा फिरवावे. खालच्या दोऱ्याचा फास वर येतो. दोन्ही दोरे फुटाखालून मागे घ्यावेत आणि चार बोटे लांब ठेवावेत.

४. सरावाचा क्रम

पहिल्याच दिवशी ब्लाउज शिवायला घेऊ नये. आधी दोरा न ओवता, फूट उचलून, नुसते पायडल मारण्याचा सराव करावा. हातचाकाचा वरचा भाग नेहमी आपल्याकडे आला पाहिजे. चाक उलटे फिरले तर दोरा गुंतून तुटतो. पायाला लय सापडेपर्यंत हाच सराव करावा. विजेच्या मोटारीची मशीन असेल तर पायाखालचे कंट्रोल अगदी हलके दाबण्याची सवय करावी.

दुसरी पायरी म्हणजे वहीचा रेघी कागद. दोरा न घालता, जुनी सुई लावून, कागदावरच्या रेघेवरून सुई चालवावी. कागदाने सुई बोथट होते, म्हणून जुनी सुई घ्यावी. सरळ रेघ जमली की चौकोन काढावा. कोपऱ्यावर आल्यावर सुई कागदात खाली ठेवून फूट उचलावा, कागद वळवावा, फूट खाली करावा आणि पुढे जावे. त्यानंतर वाटी ठेवून काढलेल्या गोलावर सराव करावा.

तिसरी पायरी म्हणजे जुन्या चादरीचे तुकडे. वरती लाल आणि खाली पांढरा दोरा घालून दोन पदरी कापडावर शिवावे. दोन रंगांमुळे कोणता दोरा कोठे दिसतो हे कळते. कापड हाताने ओढू नये. खालचे दाते कापड आपोआप पुढे नेतात. आपला हात फक्त दिशा दाखवण्यासाठी आहे. नंतर उशीचा अभ्रा, पिशवी, परकर आणि मग ब्लाउज असा क्रम ठेवावा.

५. बिघाड शोधण्याचा नियम

मशीन नीट चालेनाशी झाली की पुष्कळजणी हाताला येईल तो स्क्रू फिरवू लागतात. टेन्शन पिळतात, डबीचा स्क्रू पिळतात, टाक्याचा खटका हलवतात. मग मूळ बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता हेच कळत नाही. म्हणून दोन नियम पाळावेत. पहिला, एका वेळी एकच बदल करावा आणि तुकड्यावर शिवून पाहावे. दुसरा, सोप्यापासून अवघडाकडे जावे. स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा.

क्रम असा :
(१) वरचा दोरा पूर्ण काढून, फूट उचलून, पुन्हा ओवावा.
(२) बॉबिन काढून पुन्हा बसवावी.
(३) नवी सुई लावावी.
(४) दाते व शटलची जागा ब्रशने साफ करावी.
(५) एक-दोन थेंब तेल द्यावे.
(६) एवढे करून फरक पडला नाही, तरच टेन्शनला हात लावावा.

टेन्शनचा स्क्रू फिरवण्यापूर्वी तो कोठे आहे याची खडूने खूण करावी. फिरवायचा तो पाव फेराच.

६. नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची कारणे

कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो : गुंता खाली दिसतो म्हणून खालचा दोरा दोषी वाटतो. बहुधा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. तो चकत्यांत बसलेला नसतो किंवा दांड्यातून सुटलेला असतो. फूट खाली करायला विसरले तरीही असेच होते. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोके धरली नाहीत तरी पहिल्या दोन-तीन टाक्यांत गुंता होतो.

वरचा दोरा वारंवार तुटतो : दोरा रिळाच्या खाचेत अडकला आहे का, चुकीच्या क्रमाने ओवला आहे का, सुई वाकडी किंवा दोऱ्याच्या मानाने फार बारीक आहे का, हे पाहावे. त्यानंतर टेन्शन फार घट्ट आहे का ते पाहावे. सुईच्या खालच्या पत्र्याचे भोक सुई आपटून खरबरीत झाले असेल तर दोरा तेथे घासून तुटतो.

टाके सुटतात : सुई बोथट, वाकडी, उलटी किंवा अर्धवट बसलेली असणे, हे सर्वांत आधी तपासावे. होजिअरीच्या कापडाला साधी सुई लावली आहे का तेही पाहावे.

सुई मोडते : कापड ओढून शिवण्याची सवय हे मोठे कारण आहे. फुटाचा स्क्रू ढिला होऊन फूट सरकला असेल, डबी नीट बसली नसेल, टाचणी मध्ये आली असेल किंवा जाड शिवणीवर वेगाने गेलो असू तरी सुई मोडते. मोडलेल्या सुईचे दोन्ही तुकडे शोधून मगच पुढे शिवावे. एखादा तुकडा शटलमध्ये राहिला तर मोठे नुकसान होते.

वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसतात : वरचा ताण जास्त आहे. वरच्या टेन्शनचा स्क्रू थोडा डावीकडे फिरवून सैल करावा. उलट, खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे ठिपके किंवा फास दिसले तर वरचा ताण कमी आहे. दोरा नीट ओवलेला असल्याची खात्री करून स्क्रू थोडा उजवीकडे फिरवावा.

खालचा ताण तपासायचा असेल तर : बॉबिन भरलेली डबी दोऱ्याला धरून लोंबकळत सोडावी. ती आपोआप खाली घसरत गेली तर ताण फार कमी आहे. हलका झटका दिल्यावर थोडी खाली येऊन थांबली तर ताण योग्य आहे. झटका देऊनही हलली नाही तर ताण जास्त आहे किंवा पट्टीखाली कचरा अडकला आहे. आधी कचरा काढावा. डबीचा स्क्रू अतिशय बारीक असतो. तो फिरवताना खाली पांढरे फडके पसरावे, म्हणजे पडला तर सापडतो.

कापड पुढे सरकत नाही : टाक्याचा खटका शून्यावर आहे का, फूट खाली आहे का, दात्यांत सुताचा कचरा साचून घट्ट झाला आहे का, हे पाहावे. फुटावरचा दाब फार कमी असेल तरीही कापड जागच्या जागी राहते.

चाक फिरते पण सुई हलत नाही : बॉबिन भरताना हातचाकाच्या मध्यभागचा मोठा स्क्रू सैल करतात. तो पुन्हा घट्ट करायचा राहून गेलेला असतो. घट्ट केला की मशीन चालू होते.

पायडल फिरते पण वरचे चाक फिरत नाही : चामडी पट्टा सैल झाला आहे. वापराने आणि पावसाळ्यातील दमट हवेने पट्टा वाढतो. जोडाची तार काढून पट्टा किंचित कापावा आणि पुन्हा जोडावा. फार कापू नये. अति घट्ट पट्ट्याने मशीन जड चालते.

मशीन जड चालते : तेल सुकले आहे, शटलमध्ये दोरा अडकला आहे, पट्टा फार घट्ट आहे किंवा बॉबिन भरण्याची चकती चाकाला टेकलेली राहिली आहे.

७. एक उदाहरण

समजा, जून महिना आहे. शाळा उघडायला चार दिवस राहिले आहेत. एका भगिनीने शेजारच्या मुलांचे सहा गणवेश शिवायला घेतले आहेत. पाचवा शर्ट हातात असताना कापडाखाली गुंता होऊ लागतो. मेकॅनिक म्हणतो, परवा येतो. परवा म्हणजे दोन दिवस गेले, एक गिऱ्हाईक गेले आणि पुढच्या वर्षीचे कामही गेले.

तिने आता काय करावे? प्रथम थांबावे. कापड ओढून सोडवू नये. खालचे दोरे कात्रीने कापून कापड मोकळे करावे. बॉबिनची डबी काढून अडकलेले दोरे चिमट्याने काढावेत. वरचा दोरा पूर्ण काढून, फूट उचलून, क्रमाने पुन्हा ओवावा. फूट खाली करून ताण लागतो का ते पाहावे. डबी खट्ट आवाज येईपर्यंत बसवावी. त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर एक वीतभर शिवून पाहावे. पुन्हा गुंता झाला तर नवी सुई लावावी. पाच शर्ट शिवून सुई बोथट झालेली असू शकते. तरीही झाला तर चकत्यांच्या मध्ये सुताचा कचरा किंवा तुटलेल्या दोऱ्याचा तुकडा आहे का ते पाहावे. चकत्यांत अडकलेला एवढासा धागासुद्धा त्यांना मिटू देत नाही आणि वरचा ताण नाहीसा होतो. फूट उचलून, दुहेरी दोरा चकत्यांतून मागेपुढे ओढला की तो धागा निघतो. या सगळ्याला पाव तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. गणवेश वेळेवर जातात आणि शेजारणीचा विश्वास टिकतो.

८. सफाई, तेल आणि सावधगिरी

रोज काम करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा, आणि अधूनमधून शिवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी सफाई करावी. विजेची मशीन असेल तर आधी प्लग काढावा. सुई सर्वांत वर आणून डबी काढावी. बऱ्याच काळ्या मशीनमध्ये दोन खिट्ट्या सरकवल्या की शटलचे कडे सुटते आणि शटल बाहेर येते. कोणता भाग कसा निघाला हे पाहून, त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवावे. साफ करून उलट क्रमाने बसवावे.

तेल फक्त शिलाई मशीनचेच वापरावे. खोबरेल किंवा गोडे तेल घालू नये. ते काही दिवसांनी चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि मशीन जाम होते. वरच्या प्रत्येक भोकात एक-दोन थेंब पुरेत. शटलच्या खाचेत एक थेंब द्यावा. पायडलच्या सांध्यांनाही तेल लागते, हे विसरू नये. तेल दिल्यावर दोरा न घालता थोडा वेळ मशीन चालवावी आणि मग जुन्या फडक्यावर शिवून जादा तेल टिपून घ्यावे. नाहीतर गिऱ्हाइकाच्या नव्या कापडावर डाग पडतो. प्लॅस्टिकच्या नव्या मशीनला तेल कोठे द्यावे किंवा द्यावेच का, हे तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

शिवताना पदर खोचलेला आणि केस बांधलेले असावेत. चाकाजवळ लहान मूल बसू देऊ नये. सुई बदलताना पाय पायडलवर नसावा. उजेड डाव्या बाजूने यावा आणि पाठ ताठ राहील असे बसावे. पावसाळ्यात मशीन भिंतीला चिकटून किंवा गळतीखाली ठेवू नये. काम झाल्यावर कोरड्या कापडाने पुसून झाकावी.

९. मेकॅनिकला कधी बोलवावे

सर्वच आपल्याला आले पाहिजे असे नाही. शटल आणि सुई यांची वेळ चुकली, म्हणजे नवी सुई, योग्य दोरा आणि सफाई यानंतरही एकही टाका पडत नसेल, शटलची चोच झिजली किंवा मोडली असेल, आतला दांडा वाकला असेल, मोटारीतून जळका वास येत असेल, तर जाणकार माणसालाच दाखवावे. मात्र त्याच्याजवळ उभे राहून तो काय करतो ते पाहावे आणि विचारावे. आपण कोणकोणत्या गोष्टी तपासल्या हे सांगावे. माहिती असलेल्या गिऱ्हाइकाला कोणी सहज फसवत नाही.

समारोप

प्रत्येक भगिनीने एक छोटी वही करावी. मशीन कधी अडली, कारण काय निघाले, काय केल्यावर चालू झाली, तेल कधी दिले, सुई कधी बदलली, हे तारखेसह लिहावे. वर्षभरात ती वहीच आपली शिक्षिका होईल. वस्तीतील चारजणींनी मिळून एक पेचकस, एक तेलाची बाटली आणि सुयांची पाकिटे सामाईक ठेवली तर कोणाचेच काम अडणार नाही. ज्या भगिनीला आधी कळले तिने दुसरीला शिकवावे. मुलांनाही शिकवावे. शिवणकाम मुलींचेच, असा नियम कोठेही नाही. आनंदाने चीवराची रचना केली, हे आपण वर पाहिलेच.

परावलंबन हे मोठ्या गोष्टींतच असते असे नाही. एका सुईसाठी, एका सैल स्क्रूसाठी दुसऱ्याची वाट पाहत बसणे हेही परावलंबनच आहे. ज्या घरात मशीनवर चादर पडलेली आहे, त्या घरातल्या भगिनीने हा लेख वाचून झाल्यावर ती चादर काढावी, फूट उचलावा आणि दोरा पुन्हा ओवून पाहावा. बहुतेक वेळा एवढ्यानेच टाका पडू लागेल.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.